ताईला कुणी काही विचारू नये

मंगळवार, ३ मार्च

दोन दिवस झाले तरी डोक्यातली आग जात नाही, म्हणून ही वही काढली. लिहिलं की थोडी निवेल म्हणतात. खरं तर निवायला नकोच आहे मला.

रविवारी ताईकडे जेवायला होतो. भाऊजींच्या ऑफिसातले एक साहेब आणि त्यांची बायकोही आली होती. ताईच्या भिंतीवर गेल्या वर्षीच्या सुट्टीतला फोटो आहे. तळ्याकाठच्या घराच्या पायऱ्यांवर सगळे ओळीने बसलेत: आई, ताई, भाऊजी, धाकटा भाऊ आणि त्याची बायको, आमची वहिनी. साहेबांच्या बायकोने मला सहज विचारलं, "ह्यात तुम्ही कुठे दिसत नाही?" मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "ही गेल्या वर्षी नव्हतीच आली. हिला सुट्टीची आवडच नाही."

नव्हतीच आली! सात दिवस त्या घरात सहा जणांचा स्वयंपाक कुणी केला? बाथरूमसमोरच्या बोळात, फोल्डिंगच्या खाटेवर कोण झोपलं? रात्री ज्याला उठावं लागेल तो माझ्या पायाला ठेचकाळून जायचा. आणि तो फोटो काढला कुणी? मीच ना!

भाऊजी लगबगीने म्हणाले, "चला चला, सूप गार होतंय." ताईला एका शब्दाने टोकलं नाही. उलट वाढताना माझ्या वाडग्यात दोन पळ्या जास्त घातल्या. लाच, दुसरं काय.

मी ते सूप संपवलं. पण घरी येताना बसमध्ये ठरवलं, हे मी सोडणार नाही. ताईने माझी माफी मागितली पाहिजे, आणि तीसुद्धा सगळ्यांसमोर.

शनिवार, ७ मार्च

दरवर्षीची सुट्टी मी ठरवते. घर मी बघते, वेळापत्रक मी करते, ते फ्रिजवर मी चिकटवते. म्हणून सगळे मला मॅनेजर म्हणतात. बिनपगारी आणि बिनफोटोची मॅनेजर. ठीक आहे. मॅनेजरच्या हातात काय काय असतं ते यंदा कळेल.

आज आमच्या दातांच्या लॅबमध्ये दोन पूर्ण कवळ्या संपवल्या. मालक म्हणाले, "बाई, आज पॉलिश जरा जोरात चाललंय." मी म्हटलं, "मशीन नवीन आहे ना." मशीन आठ वर्षं जुनं आहे.

बुधवार, १८ मार्च

ताईचा फोन. तिच्या पुढच्या दोन दातांची प्लेट हरवली, नवीन करून दे. मी विचारलं, "परत?" तर म्हणते, "परत म्हणजे? पहिल्यांदाच हरवली."

वर्षातली ही तिसरी! पहिली साखरेच्या डब्यात सापडली होती, दुसरी सापडलीच नाही. एकेका प्लेटमागे मेणाचं काम, साचा, रंग जुळवणं, घासणं, असे माझे दोन दिवस जातात. ताईच्या हिरडीचा रंग बाजारच्या कुठल्याच गुलाबीत बसत नाही, मी दोन रंग कालवून तो करते. पण धाकट्या बहिणीने फुकट करून दिलेली वस्तू, तिची कसली पर्वा!

तासाभराने पुन्हा फोन. सुट्टीला कधी निघायचंय? सांगितलं, अठरा एप्रिल. संध्याकाळी तिसऱ्यांदा फोन, सुट्टीला कधी निघायचंय? मी तिची नोकर असल्यासारखं. तारीख डोक्यात ठेवायचे कष्ट तिने कशाला घ्यायचे, मी आहे ना सांगायला.

प्लेट करायला घेतली. मनात आलं, आतली एक कड किंचित तीक्ष्ण ठेवावी, घास घेताना रोज माझी आठवण येईल. कानस हातात घेऊन बराच वेळ बसले होते. नाही जमलं. कामावर सूड उगवायची सवय नाही हाताला. कड गुळगुळीत केली आणि स्वतःवरच चिडले.

रविवार, २९ मार्च

आज डबा उघडला.

हा डबा आमच्या वडिलांचा, बिस्किटांचा, पत्र्याचा. सुट्टीच्या आधी प्रत्येकाने आपल्याला सुट्टीत काय हवंय ते एका ओळीत लिहून द्यायचं. नाव घालायचं नाही. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पूर्वी वडील सगळ्या चिठ्ठ्या स्वतःच्या हाताने उतरवून काढायचे, आता आई उतरवते. कुणी काय लिहिलं हे फक्त तिला माहीत, आणि ती मेली तरी सांगत नाही. मग ज्याने सुट्टी आखायची त्याने चिठ्ठ्या वाचायच्या, जमेल तेवढं करायचं. शेवटच्या संध्याकाळी आई एकेक मोठ्याने वाचते आणि कुठली कुणाची ते बाकीच्यांनी ओळखायचं.

आईच्या अक्षरातल्या यंदाच्या पाच चिठ्ठ्या, सहावी माझी:

"रोज पोहायचं आणि पोटभर हादडायचं." हा धाकटा. आंधळासुद्धा ओळखेल.

"सगळ्यांनी एका टेबलावर जेवावं. मोबाइल दुसऱ्या खोलीत." ही आई.

"तेच घर, तेच तळं. मला रोज काहीतरी नवीन बघायचंय." हे भाऊजी. माणूस कधी एका जागी बसलाय?

"एक दुपार बहिणीबरोबर. फक्त आम्ही दोघी. जुनं सगळं एकदा बोलून घ्यायचंय." ही वहिनी. गेल्या वर्षी तिची बहीण दोन दिवस येऊन राहिली होती आणि दोघी दिवसभर खिदळत होत्या. तिच्यासाठी आठवडाभर खोली राखून ठेवली, म्हणून ती खाट मला मिळाली.

आणि आता ही बघा: "सात दिवस मला कुणी काहीही विचारू नये."

ही ताई. दुसरं कोण असणार? राणीसाहेबांना प्रश्नसुद्धा नकोत. दिवसाला तीनदा मला फोन करून विचारणार ही, आणि हिला कुणी विचारायचं नाही! तीस वर्षं लोकांचे दात हातात घेतेय. जबडा बघून माणूस कंजूष आहे की खादाड ते सांगते मी. आपल्याच घरातली पाच माणसं ओळखायला कितीसा वेळ लागतो?

ही चिठ्ठी वाचताक्षणी मला माझा सूड सापडला. तिला जे हवंय तेच द्यायचं. अगदी तंतोतंत.

गुरुवार, ९ एप्रिल

सगळी व्यवस्था झाली. लिहिताना हसू येतंय.

घरमालकाला कळवलं, आम्ही सहाच, सातवा पाहुणा चालणार नाही. वहिनीची बहीण कटाप. भाऊजींना रोज काहीतरी नवीन हवंय ना, मग रोज सकाळी सहाच्या बसने सहल: वीजघर, जुनी खाण, काचेचा कारखाना. परत यायला संध्याकाळचे सहा. चारच दिवसांत कंबर धरून बसतील. धाकट्याला सांगितलंय की पाणी कोमट असतं. आईच्या वाटेला मी जात नाही.

ताईला कोपऱ्यातली स्वतंत्र खोली. आणि बोळातल्या खाटेवर कुणीच नाही. यंदा मी खिडकीजवळच्या खऱ्या पलंगावर झोपणार आहे.

शनिवार, १८ एप्रिल

पोचलो. उतरल्या उतरल्या फ्रिजवर कागद लावला. सहलींच्या वेळा, जेवणाच्या वेळा, आणि खाली ठळक अक्षरात: "ताईला कुणीही काहीही विचारायचं नाही. चहा घेतेस का, कुठे निघालीस, काय शोधतेस, काहीही नाही. तिची तशी इच्छा आहे. डब्याचा मान राखावा."

धाकटा मला म्हणाला, "माई, हे जरा अति होतंय हं." मी म्हटलं, "चिठ्ठीतला शब्द आहे, माझा नाही." आई काहीतरी बोलणार होती. माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि ओठ मिटून घेतले. भाऊजींनी कागद दोनदा वाचला. रंग उतरला त्यांचा. वाटलं आता भांडतील. पण म्हणाले, "सहाची बस म्हणजे... दिवसभर तिच्याजवळ कोण असेल?"

"आम्ही आहोत की सगळे," मी म्हटलं.

त्यांनी ताईकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं." आणि खरं सांगते, त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं. सहलीचा एवढा आनंद!

प्रवासात भाऊजी ताईचा हात धरून होते. रस्ता ओलांडताना, बसमध्ये चढताना. ह्या वयात काय ते कौतुक.

रविवार, १९ एप्रिल

पहिला दिवस माझा. ताई तीनदा स्वयंपाकघरात आली. स्वेटरची बटणं वरखाली लागलेली. कपाट उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. कुणी विचारलं नाही. दुपारी माझ्या दाराशी येऊन म्हणाली, "चिमे, आपण दोघी बसायचं ना आज?"

मी गोड आवाजात म्हटलं, "तुला त्रास नको गं. तू आराम कर." आणि दार लोटून घेतलं.

धाकटा पाण्यात शिरला आणि गारठून किंचाळत बाहेर आला. जेवणाच्या टेबलावर मोबाइल नव्हते, आई खूष होती. मी मधल्या खुर्चीवर बसले, उठले नाही. मीठ हवं होतं तर वहिनी उठली. इतकं चवीचं जेवण कित्येक वर्षांत जेवले नव्हते.

सोमवार, २० एप्रिल

ताई सकाळी बोळातल्या रिकाम्या खाटेवर बसलेली दिसली. चादरीवरून हात फिरवत होती. म्हणाली, "इथे कोण झोपतं गं?"

झोंबलं बाई मला. वर्मी बोट ठेवून वर हा प्रश्न! मी उत्तर दिलं नाही. विचारू नये म्हणजे सांगूही नये.

संध्याकाळी भाऊजी खाणीतून धुळीने माखून आले. कंबर धरली नव्हती. जेवताना डुलक्या घेत होते आणि चेहरा शांत दिसत होता. माझा हा नेम चुकला म्हणायचा.

मंगळवार, २१ एप्रिल, संध्याकाळ

सगळं क्रमाने लिहिते. नाहीतर जमणार नाही.

सकाळी दहाला ताई पर्स घेऊन, घरातल्या सपाता घालून दाराबाहेर पडली. मी खिडकीतून बघितलं. मला बरं वाटलं. फिरू दे एकटी, कळू दे एकटं म्हणजे काय ते. हे मी लिहितेय, कारण हे खरं आहे.

जेवायला आली नाही. दोन वाजले. धाकटा म्हणाला, "मी बघितलं होतं तिला तळ्याकडे जाताना. विचारणार होतो, पण तुझा कागद..." वहिनी म्हणाली, "मला फाटकापाशी भेटल्या. माझ्याकडे बघून हसल्या. मीही नाही विचारलं." आम्ही तिघांनी बघितलं होतं. तिघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "येईल. तिलाच एकांत हवा होता. तिनेच लिहिलंय ना."

तेव्हा आई टेबलाला धरून उठली. "नाही लिहिलं तिने."

"म्हणजे?"

"तुझ्या वडिलांना शब्द दिलाय मी. पण आता पुरे झालं. प्रश्न नकोत ती चिठ्ठी जावईबापूंची. मला वाटलं, त्यांच्यात काही बिनसलं असेल, म्हणून तू तिला मोकळी ठेवतेस. ताईची चिठ्ठी दुसरी होती, चिमे. बहिणीबरोबर एक दुपार."

"ती वहिनीची."

वहिनी म्हणाली, "माझी? मी तर लिहिलं होतं, रोज काहीतरी नवीन बघायचंय."

मी चपला न घालताच निघाले. धाकटा रस्त्याच्या बाजूने गेला, मी तळ्याकाठाने. हाका मारत, पडत, उठत. काठाला तिची एक सपात दिसली, ती उचलून घेतली. पाण्याकडे बघायचा धीर होईना.

पुढे वळणावर बोटी भाड्याने देणाऱ्याची टपरी आहे. त्याला वर्णन सांगितलं तर त्याने कागदी रुमालात गुंडाळलेलं काहीतरी पुढे केलं. "एक बाई चहा प्यायल्या आणि हे बशीत ठेवून गेल्या. मी म्हटलं येतील न्यायला."

आत ताईची प्लेट. दोन रंग कालवून केलेली माझी गुलाबी, आणि माझ्या हाताने गुळगुळीत केलेली ती कड.

टपरीच्या मागे उपड्या घातलेल्या बोटीवर ताई बसली होती. एका पायात सपात, दुसरा पाय चिखलात. मला बघून तोंड भरून हसली, पुढचे दोन दात नसलेलं हसू.

"किती उशीर केलास चिमे," ती म्हणाली. "दुपार संपत आली की."

मंगळवारचंच, राहिलेलं

साडेसहाला भाऊजी आले. मी त्यांना पायऱ्यांवरच गाठलं. काय काय बोलले ते लिहीत नाही. ते ऐकून घेत होते. मग पायरीवर बसले.

"ऑक्टोबरपासून तिचं हे विसरणं चाललंय. डॉक्टर म्हणाले, वाढत जाणार. दिवसाला चाळीस वेळा तेच तेच प्रश्न, चिमी. आज वार कोणता, आपण कधी निघायचं, माझी पर्स कुठाय. मी उत्तर देतो. प्रत्येक वेळी देतो. फक्त सात दिवस कुणी काही विचारू नये असं वाटलं. तेवढंच मागितलं होतं मी."

"आणि आम्हाला सांगितलं नाही? मला नाही सांगितलं?"

"तिने शपथ घातली होती. म्हणाली, चिमीला कळलं तर सुट्टीभर माझीच उस्तवार करत बसेल. तिला एकदा तरी नुसती सुट्टी मिळू दे."

मला त्यांचा गळा धरावासा वाटला. मग माझा स्वतःचा. राग होता तेवढाच्या तेवढा आहे अजून, फक्त तो कुणावर काढायचा ते समजेना. आत गेले आणि फ्रिजवरचा कागद फाडला.

बुधवार, २२ एप्रिल

आज दुपारी आम्ही दोघी. बाकीच्यांना मी बोटीत बसवून पिटाळलं.

ताईला जुनं सगळं लख्ख आठवतं. शाळेत माझी वेणी बाकाला बांधली होती ते. मी वडिलांचा चष्मा फोडला आणि मार तिने खाल्ला ते. मला आठवत नव्हतं, तिने आठवून दिलं. मग मध्येच थांबली आणि म्हणाली, "गेल्या वर्षी तू नव्हतीस ना आली इथे?"

सात आठवडे माझ्याकडे उत्तर तयार होतं, पाठ होतं. दिलंच मी. "होते, ताई. सात दिवस होते. स्वयंपाक केला. बोळातल्या खाटेवर झोपले."

"मग फोटोत का नाहीस?"

"फोटो मीच काढला."

तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आणि कुणी म्हटलं नाही तुला, आण इकडे, आता मी काढते?"

"नाही."

"मेले सगळे मतलबी!" ताई ताडकन उठली. "येऊ देत परत. एकेकाची खरडपट्टी काढते की नाही बघ. माझ्या बहिणीला बोळात झोपवतात!"

माझ्या वतीने इतकं चिडलेलं मी आजवर कुणाला बघितलं नाही. बोट काठाला लागेपर्यंत ती विसरली होती. मी नव्हते विसरले.

शुक्रवार, २४ एप्रिल

शेवटचा दिवस. सकाळी आईला एकटीला गाठलं. म्हटलं, "माझी चिठ्ठी डब्यातून काढून टाक."

"घातलेली चिठ्ठी काढत नाहीत. तुझ्या वडिलांचा डबा आहे."

"अगं, पण त्या दिवशी तू सगळं फोडलंसच ना?"

"ती जिवावरची वेळ होती. ही नाही," आई म्हणाली. मग हळूच, "काय लिहिलंयस ते उतरवताना माझा हात थरथरला होता, चिमे. आता तुझा थरथरू दे."

आई अशीच आहे. ह्या घरात डूख धरायला मी कुणाकडून शिकले ते आज कळलं.

संध्याकाळी सगळे टेबलाभोवती. धाकट्याची चिठ्ठी वाचताच सगळे हसले. आईची, वहिनीची. भाऊजींची आली तेव्हा ताईच म्हणाली, "ही ह्यांची. मी फार विचारते ना त्यांना." भाऊजींनी मान खाली घातली. बहिणीबरोबरच्या दुपारची चिठ्ठी आली आणि ताईने माझा हात धरला.

मग आईने सहावी उघडली. "ताईने माझी माफी मागावी. सगळ्यांसमोर."

वहिनी टेबलावरचे कण गोळा करायला लागली. ताई मात्र मोठ्याने हसली. "अगं बाई! कोण एवढं चिडलंय माझ्यावर? काय केलं मी? मला तर काही आठवत नाही, पण केलंही असेल. मागते की माफी, त्यात काय. कुणाची मागायची ते सांगा."

कुणी सांगेना. मीही नाही.

"नका सांगू. सगळ्यांचीच मागते," म्हणून ताई उठली. भाऊजींसमोर हात जोडले. धाकट्याच्या डोक्यावरून हात फिरवला, "चुकलं रे बाबा." वहिनीला म्हणाली, "मनात ठेवू नकोस हं." आईच्या पाया पडली. मग माझ्या खुर्चीपाशी आली. मी उभी राहिले.

ताईने माझ्याकडे बघितलं. मी केलेल्या प्लेटीतले दोन दात दाखवत हसली, आणि सगळ्यांना म्हणाली, "हिची राहू दे. ही चिठ्ठी चिमीची तर नसणार."

आणि जाऊन आपल्या खुर्चीवर बसली.